रोज अडीच तास स्कूटरवर: वाहनांचा धूर, फुप्फुसं आणि संध्याकाळचा खोकला

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय ३४. राहणं पुण्यात कात्रजला, नोकरी हिंजवडीत. बाह्यवळणावरून स्कूटरनं जाऊन-येऊन रोज अडीच तास. सिगारेट नाही. दिवाळीपासून कोरडा खोकला, संध्याकाळी घरी पोचल्यावर छाती आवळल्यासारखी होते, रविवारी बरं असतं. एक्स-रे स्वच्छ आहे. ‘प्रदूषणाचा खोकला’ म्हणून दोनदा सिरप मिळालं. तुम्ही विचारलंय की फुप्फुसं कायमची खराब होताहेत का, मास्क कोणता घ्यावा, पहाटे पळणं बंद करावं का, आणि नोकरी बदलावी का.

‘प्रदूषणाचा खोकला’ हे निदान नाही, हे सगळ्यात आधी सांगतो. त्याच रस्त्यावरून तुमच्यासोबत हजारो लोक जातात. धूर सगळ्यांच्याच छातीत जातो, पण संध्याकाळी छाती आवळते ती काहींचीच. म्हणून इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. पहिला, या हवेनं कुणाचीही फुप्फुसं वर्षानुवर्षांत किती झिजतात? दुसरा, तुमच्याच श्वासनलिका इतक्या चिडखोर का झाल्यात? तुम्ही पहिला विचारलाय, पण घाई दुसऱ्याची आहे, कारण त्यावर उपचार आहेत. रविवारी बरं वाटणं, संध्याकाळी छाती आवळणं आणि एक्स-रे स्वच्छ असणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात पहिला संशय दम्याचा येतो. दमा एक्स-रेत दिसत नाही. आणि सुंई-सुंई आवाज न येता नुसत्या खोकल्याच्या रूपातही तो असतो.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या प्रश्नात आलेल्या नाहीत. लहानपणी सतत सर्दी, शिंका, अंगावर खाज होती का? आई-वडिलांपैकी कुणाला दमा आहे का? रात्री जेवून लगेच आडवं झाल्यावर खोकला वाढतो का (मग आम्लपित्त बघायला हवं)? रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी गोळी चालू आहे का? या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. घशात मागून काही ओघळल्यासारखं वाटतं का? तसं असेल तर मूळ नाकात असू शकतं. आणि आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयाचा विचार करावाच लागतो. एक्स-रे स्वच्छ असल्यानं तुमच्या बाबतीत शक्यता कमी आहे, पण बेडका पडत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल किंवा वजन उतरलं असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

आता रस्त्यावरच्या हवेबद्दल. त्यातले पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान कण. त्यातले मोठे बहुतांशी नाक-घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. पीएम २.५ खोल वायुकोशांपर्यंत जातात. इंजिनातून ताजे बाहेर पडणारे कण तर ०.१ मायक्रॉनहून लहान असतात. वजनात ते नगण्य, संख्येनं प्रचंड. त्यांच्यासोबत नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू असतात. पहिला श्वासनलिकांचं आतलं अस्तर सुजवतो. दुसऱ्यामुळे फुप्फुसाला इजा होत नाही, पण रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होते. कोंडीत तासभर अडकल्यावर डोकं जड होतं त्याचं तो एक कारण असू शकतो. शिवाय ब्रेक, टायर आणि रस्त्याची झीज, आणि चाकांनी पुन्हा पुन्हा उडणारी माती. म्हणून सगळी वाहनं उद्या विजेवर गेली तरी हा दुसरा भाग उरणारच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि एकूण बाहेरचं वायुप्रदूषण २०१३ मध्ये ‘माणसात कर्करोगकारक’ या पहिल्या गटात टाकलं. तुमच्या वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला कर्करोगाचा वैयक्तिक धोका कमी असतो, त्यामुळे त्या भीतीनं झोप उडवून घेऊ नका. पण धूर ‘सवयीचा’ होतो हा समज मात्र सोडा.

ॲपवर दिसणारा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आणि तुमच्या नाकासमोरची हवा यांत फरक असतो. आपल्याकडचा निर्देशांक कणांच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि मोजणी केंद्र तुमच्या रस्त्याच्या कडेला असेलच असं नाही. दिल्लीत रिक्षांमध्ये बसून केलेल्या मोजमापात आतलं पीएम २.५ शहराच्या त्या वेळच्या पातळीच्या साधारण दीडपट निघालं होतं. त्यामुळे ॲपवर ‘समाधानकारक’ दिसलं तरी नवले पुलाखालच्या कोंडीत तसंच असेल असं धरू नका. भारताचं पीएम २.५ चं मानक वर्षभराच्या सरासरीला ४० आणि २४ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अनुक्रमे ५ आणि १५ आहे. ‘मानकात आहे’ याचा अर्थ निरुपद्रवी असा होत नाही.

मात्रा कशी ठरते ते एकदा आकड्यांत बघा. हवेतलं प्रमाण, मिनिटाला आत घेतलेली हवा आणि वेळ यांचा गुणाकार म्हणजे मात्रा. समजा प्रवासात पीएम २.५ चं प्रमाण १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि स्कूटर चालवताना तुम्ही मिनिटाला १२ लिटर हवा घेता. अडीच तासांत १.८ घनमीटर हवा आत गेली, म्हणजे १८० मायक्रोग्रॅम कण. उरलेले साडेएकवीस तास प्रमाण ५० धरलं आणि श्वास सरासरी ८ लिटर, तर साधारण ५१५ मायक्रोग्रॅम. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत. दिवसाच्या जेमतेम १० टक्के वेळात २५ टक्क्यांच्या आसपास मात्रा येते. याचे दोन अर्थ निघतात. प्रवासातली पंधरा-वीस मिनिटं कमी करणं किंवा सर्वांत वाईट टप्पा टाळणं याला वेळेच्या मानानं जास्त किंमत आहे. आणि पाऊण मात्रा घर, ऑफिस आणि परिसरातूनच येते, तिच्याकडे दुर्लक्ष करून नुसता मास्क घेतला तर काम अर्धवट राहतं.

‘कायमचं’ नुकसान होतंय का, याचं उत्तर. लंडनमध्ये सौम्य ते मध्यम दमा असलेल्या ६० प्रौढांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालायला लावलं होतं. त्या रस्त्यावर तेव्हा फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी चालत. जोरात सोडलेल्या श्वासाच्या पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते तिला एफईव्ही१ म्हणतात. रस्त्यावर ती ६.१ टक्क्यांपर्यंत घटली, बागेत १.९ टक्क्यांपर्यंत. ही तात्पुरती घट, तुमची संध्याकाळची छाती आवळणं त्याच जातीचं असू शकतं. दीर्घकाळचं चित्र असं, की निरोगी माणसाचीही एफईव्ही१ पस्तिशीनंतर वर्षाला २५ ते ३० मिलिलिटर कमी होत जाते. प्रदूषण हा उतार थोडा तीव्र करतं. पण स्वित्झर्लंडमध्ये १९९१ ते २००२ या काळात हजारो प्रौढांना तपासलं तेव्हा दिसलं, की ज्यांच्या परिसरातलं पीएम १० कमी झालं त्यांची ही वार्षिक घटही मंदावली. कॅलिफोर्नियातल्या मुलांमध्येही हवा सुधारल्यावर फुप्फुसांची वाढ सुधारली. म्हणजे आज मात्रा कमी केलीत तर फायदा मिळतो, उशीर झालेला नाही. गेलेलं सगळं भरून येतं असं मात्र मी म्हणणार नाही. आणि अंगात दमा असून तो वर्षानुवर्षं विनाउपचार राहिला, तर श्वासनलिका जाड आणि ताठ होतात. तुमच्या वयात मला धुरापेक्षा या शक्यतेची जास्त काळजी वाटते.

आता तपासणी. इथे घाई करू नका, कारण निम्मे गोंधळ इथेच होतात.

पहिली तपासणी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीतून फुप्फुसांची क्षमता मोजणं, तीही औषधाच्या ‘आधी आणि नंतर’ अशी दोन्ही. नळीत फुंकून पहिली नोंद घेतात, मग श्वासनलिका उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ स्पेसरमधून (इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. एफईव्ही१ मध्ये १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढ झाली तर श्वासनलिका औषधाला प्रतिसाद देतात, म्हणजे दम्याच्या बाजूनं पुरावा. (हल्लीच्या एका निकषात अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ धरतात.) चाचणी चांगली व्हायला किमान तीन स्वीकारार्ह फुंकरी लागतात आणि त्यातल्या सर्वोत्तम दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत असाव्या लागतात. बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते: सुरुवातीला जोर लावतात आणि दोन सेकंदांत थांबतात. श्वास पूर्ण रिकामा होईपर्यंत, साधारण सहा सेकंद, ढकलत राहायचं असतं. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘अजून, अजून’ म्हणत नसेल तर त्या अहवालावर मी फारसा विसंबत नाही. शिबिरातल्या एका फुंकरीच्या तपासणीवरून काहीच ठरवू नका. रिलीव्हर इन्हेलर (त्रास झाला की घ्यायचा, बहुधा निळा) वापरत असाल तर आधी चार ते सहा तास तो घेऊ नये, पण श्वास लागला तर नक्की घ्यावा आणि चाचणी पुढे ढकलावी. फक्त निष्कर्षाची ओळ नको, आलेखासह अहवाल मागून घ्या.

शक्य असेल तर ही तपासणी त्रास होत असलेल्या दिवशी, संध्याकाळी करा. बऱ्याच जणांची वेळ शनिवारी सकाळी असते, तोवर छाती मोकळी झालेली असते, अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि मग वर्षभर सिरप चालू राहतं. एकदा नॉर्मल आलेली स्पायरोमेट्री दमा नाही असं सिद्ध करत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्यासाठी ही सर्वांत उपयोगी: पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारं छोटं उपकरण. काही शे रुपयांत औषधांच्या दुकानात मिळतो. उभं राहायचं, काटा शून्यावर, पोटभर श्वास, ओठ नळीभोवती घट्ट, जीभ नळीखाली, आणि एकच छोटा जोरदार फुंकर. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. थुंकल्यासारखी गालांनी फुंकर मारली तर आकडा खोटा मोठा येतो. बोट काट्याच्या खाचेत आलं तर खोटा लहान येतो. मीटर मध्येच बदलू नका, दोन मीटरांचे आकडे जुळत नाहीत.

नोंदी दिवसातून चार: उठल्याउठल्या, ऑफिसात पोचल्यावर, घरी पोचल्यावर आणि झोपण्यापूर्वी. तीन आठवडे. समोर एक रकाना, त्या दिवशी प्रवास कशानं केला. दिवसातला सर्वांत मोठा आणि लहान आकडा यांतला फरक भागिले त्यांची सरासरी, गुणिले शंभर. उदाहरणार्थ ४८० आणि ४२०: फरक ६०, सरासरी ४५०, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. असा रोजचा बदल दोन आठवड्यांच्या सरासरीत १० टक्क्यांहून जास्त राहिला तर प्रौढात तो दम्याकडे बोट दाखवतो. एरवी दम्यात पहाटेचा आकडा कमी आणि संध्याकाळचा बरा असतो. तुमच्या वहीत कामाच्या दिवशी उलट दिसलं, म्हणजे घरी पोचल्यावरचा आकडा सर्वांत कमी आणि सुटीत तो सावरलेला, तर दिवसभरात काहीतरी श्वासनलिका आवळतंय हे कागदावर आलं.

पण ते ‘काहीतरी’ रस्ताच आहे का? रविवारी तुम्ही रस्त्यावर नसता तसे ऑफिसातही नसता. एसीची न धुतलेली जाळी, ओलीची बुरशी, नवीन रंगकाम, शेजारच्याचा अत्तराचा फवारा यांनीही हेच घडतं. म्हणून त्या तीन आठवड्यांत चार-पाच दिवस कंपनीच्या बसनं किंवा बंद काचांच्या गाडीनं जा आणि काही दिवस घरून काम करा. बसच्या दिवशी आकडे सुधारले तर दोष रस्त्याकडे जातो. बसच्या दिवशीही पडले आणि घरून काम केल्यावरच सुधारले, तर ऑफिसची हवा तपासायला हवी. ही वही घेऊन गेलात तर कुठल्याही छातीच्या डॉक्टरांचं काम निम्मं होतं. त्यानंतरही शंका राहिली तर सोडलेल्या श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची चाचणी किंवा श्वासनलिका किती चिडखोर आहेत ते बघणारी मेथाकोलीन चाचणी असते, पण सगळ्यांना ती लागत नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर आधी आलेखासह स्पायरोमेट्री, सोबत तीन आठवड्यांची वही, आणि तोवर स्वतःहून सिरप, ॲन्टिबायोटिक किंवा दुकानदारानं दिलेला निळा इन्हेलर चालू करायचा नाही.

मास्कबद्दल सर्वांत जास्त विचारलं जातं. ओढणी, रुमाल, तोंडावर चढवायची कापडी नळी यांनी मोठी धूळ अडते, पीएम २.५ फारसं अडत नाही. सर्जिकल मास्कचं कापड बरं असतं, पण गालाशेजारच्या फटीतून हवा थेट आत येते. हेल्मेटची काच खाली असली तरी त्यानं किडे आणि खडी अडते, बारीक कण नाही. उपयोग होतो तो एन९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ चा एफएफपी२ मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. एन९५ मध्ये ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडतात. पण हा आकडा मास्कच्या कापडाचा आहे, तुमच्या चेहऱ्यावरच्या मास्कचा नाही. कानाला अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे घ्या. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे किंवा हनुवटीखाली वारा लागला तर गळती आहे. चष्म्यावर वाफ येणं हीसुद्धा नाकापाशी गळतीची खूण. दाढी असेल तर कितीही महागडा मास्क नीट बसत नाही. आधी मास्क, वरून हेल्मेट, आणि हेल्मेट चढवल्यावर पुन्हा एकदा चाचपणी, कारण हेल्मेटच्या गादीनं मास्क गालावरून सरकतो. बहुतेकांची गळती इथेच होते.

मास्क धुवायचा नाही. त्याच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, कण त्यालाच चिकटतात. साबण-पाण्यानं तो जातो आणि दिसायला चांगला मास्क निकामी होतो. दोन-तीन मास्क आलटून-पालटून वापरा, मधल्या दिवशी कागदी पिशवीत वाळू द्या. रोजच्या अडीच तासांच्या वापरात प्रत्येक मास्क आठ-दहा वेळा घातल्यावर मी बदलायला सांगतो. पट्टा सैल झाला, ओला झाला किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागला तर लगेच. बाहेर श्वास सोडायची झडप असली तरी तुमच्या संरक्षणात फरक पडत नाही, उन्हाळ्यात तीच सोयीची. वायू मात्र यातून तसेच आत जातात. ‘कार्बन थर’ असं लिहिलेल्या पातळ मास्कवर नायट्रोजन डायऑक्साइडसाठी विसंबू नका. ज्यांना हृदयविकार किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घट्ट मास्क वापरावा, त्यांना श्वासाला होणारा अडथळा झेपत नाही.

मास्कपेक्षाही जास्त फरक जागा आणि वेळ यांनी पडतो. इंजिनाचे ताजे अतिबारीक कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्यापासून दूर गेल्यावर झपाट्यानं उतरतात, पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्येच मोठा फरक पडतो. म्हणून महामार्गाला समांतर असा आतला रस्ता पाच-सात मिनिटं जास्त घेत असेल तरी घेण्यासारखा आहे. दुप्पट वेळ लागत असेल तर नाही, तेव्हा वेळेचा गुणाकार अंगावर येतो. तुमच्या वाटेवर नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलापर्यंतचा उतार विशेष आहे: जड वाहनं पुण्याकडे ब्रेक दाबत उतरतात आणि साताऱ्याकडे खालच्या गिअरमध्ये चढतात. एका बाजूला ब्रेकची धूळ, दुसऱ्या बाजूला ताण पडलेल्या इंजिनाचा धूर. तिथे ट्रकच्या मागे लागून राहू नका, वाट मिळेपर्यंत अंतर ठेवा. सिग्नलला ट्रक, टँकर, डिझेल टेम्पोच्या मागे न थांबता शक्य तर बाजूच्या रांगेत, मध्ये अंतर ठेवून थांबा, आणि स्वतःचं इंजिन बंद करा. १ एप्रिल २०२० पासून विकली गेलेली वाहनं बीएस-६ या धुराच्या कडक मानकाची आहेत आणि त्यांचा धूर बराच कमी असतो, पण रस्त्यावर जुनी वाहनं अजून भरपूर आहेत. तुमचं ऑफिस परवानगी देत असेल तर कोंडीच्या आधी पाऊण तास निघणं हा मला सर्वांत फायदेशीर उपाय वाटतो, कारण प्रमाण आणि वेळ दोन्ही एकदम घटतात.

बंद काचांची गाडी किंवा एसी बस स्कूटरपेक्षा बरी, पण गाडीत आतलीच हवा फिरवण्याचं बटण चालू असेल तरच. काचा उघड्या ठेवून कोंडीत बसलात तर स्कूटरहून विशेष फरक नाही. बटण सतत चालू ठेवलं आणि आत चार माणसं असली की कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी, मोकळ्या टप्प्यावर, दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. केबिन फिल्टर सर्व्हिसिंगला बदलतात का ते विचारा. काळा पडलेला फिल्टर फार जणांच्या गाडीत असतो. स्वारगेटहून पिंपरीकडे जाणारी मेट्रो आणि पुढे बस असा प्रवास जमत असेल तर आठवड्यातून दोन दिवस करून बघा. रोज जमलं नाही तरी मात्रा तेवढी घटते.

घरातल्या हवेकडे वळतो, कारण पाऊण हिशेब तिकडे आहे. चीन आणि मलेशियातल्या डासांच्या कॉइल जाळून केलेल्या मोजमापात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतकं पीएम २.५ निघालं. रात्रभर बंद खोलीत कॉइल लावून सकाळी एन९५ घालून बाहेर पडणारे लोक आहेत, त्यांना मी आधी कॉइल बंद करायला सांगतो. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हा सरळ उपाय. धूप-अगरबत्ती उघड्या खिडकीजवळ, थोडा वेळ. घर महामार्गाला लागून असेल तर त्या बाजूच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत बंद आणि दुपारी उघड्या.

पळण्याबद्दल: पळणं सोडू नका, जागा आणि वेळ बदला. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि रात्रीचा धूर, शेकोट्या आणि जळत्या कचऱ्यासह तिथेच कोंडला जातो, म्हणून पहाटेची हवा ‘ताजी’ असते हे नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरं नसतं. पळताना श्वास चार-पाचपट वाढतो, म्हणजे मात्राही. सातारा रस्त्याच्या कडेनं पळण्याऐवजी तळजाई किंवा पाचगावच्या टेकडीवर, थोडं ऊन चढल्यावर. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात बागेतल्या दोन तासांच्या चालण्यानं फुप्फुसांची क्षमता सुधारली, वाहत्या रस्त्यावरच्या चालण्यात तो फायदा बराचसा विरून गेला. ज्या आठवड्यात छाती आवळते आहे त्या आठवड्यात मात्र वेगानं पळू नका.

गूळ, काढा, वाफ, ‘फुप्फुसं साफ करणारा’ चहा यांनी खोल गेलेले कण बाहेर येत नाहीत. वाफेनं नाक मोकळं होतं, तेवढाच तिचा उपयोग. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं बरं: उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, सपाट एक चहाचा चमचा मीठ, घरी पोचल्यावर एकदा. पाणी उकळलेलंच हवं.

दमा निघाला तर उपचार सहसा कमी मात्रेच्या स्टेरॉइड इन्हेलरनं होतो, बहुधा फॉर्मोटेरॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधासोबत. ‘स्टेरॉइड’ म्हटल्यावर लोक दचकतात. २०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिलिग्रॅम औषध थेट श्वासनलिकेत जातं, आणि अटॅक आल्यावर द्यावी लागणारी प्रेडनिसोलोनची गोळी ३०-४० मिलिग्रॅमची असते. इन्हेलर नियमित घेतला की गोळीची वेळ सहसा टळते. घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते. नुसत्या निळ्या साल्ब्युटामॉलवर दिवस ढकलू नका. त्यानं नळी तात्पुरती उघडते, आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांतही एकट्या साल्ब्युटामॉलवर उपचार करू नयेत असं आहे. इन्हेलर चालू झाला म्हणून मास्क आणि रस्ता विसरू नका, औषध धूर अडवत नाही.

वाक्य पुरं करता येत नाही इतका श्वास लागला, ओठ निळसर झाले, खोकल्यातून रक्त आलं किंवा छातीत दुखून घाम फुटला, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

मूल असेल तर एक गोष्ट विचारलेली नसतानाही सांगतो. स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहिलेलं मूल पुढच्या गाडीच्या धुराच्या उंचीवर श्वास घेतं, आणि वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं. मोठ्यांचे एन९५ लहान चेहऱ्यावर बसत नाहीत. शाळेची वाट शक्य तितकी आतल्या गल्ल्यांतून काढा.

नोकरीबद्दल आत्ता निर्णय घेऊ नका. निदान होऊ द्या, उपचार आणि प्रवासातले बदल तीन महिने नीट करा, मग पुन्हा स्पायरोमेट्री आणि पुन्हा दोन आठवड्यांची वही. आकडे सावरले तर नोकरी तशीच ठेवून, जमेल तितके दिवस बस किंवा घरून काम, एवढ्यावर भागतं, आणि माझ्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांचं तसंच होतं. नियमित उपचार घेऊनही कामाच्या दिवशी आकडा पडतच राहिला, तर घर किंवा ऑफिस जवळ करणं हा वैद्यकीय सल्ला म्हणून मी लेखी देतो, कंपनीकडून सवलत मागताना तो उपयोगी पडतो. जून उजाडला की पावसानं हवा धुतली जाईल आणि तुम्हाला आपोआप बरं वाटेल. तेव्हा इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. मात्रा डॉक्टरांना विचारून उतरवा आणि पुढच्या ऑक्टोबरच्या मध्यापासून पीक फ्लोची वही पुन्हा उघडा, दिवाळीच्या आधी.